शेराची भाकर

मटारात गवत माजलं होतं, आणि आमच्या बेबीताईला जबलपूरला जायचं होतं. तेही कुत्र्याला भेटायला!

मी बांधावरून ओरडलो, "ताई, खुरपन सोडून कुठं चालली? शेंगा काय तुहा शेरा तोडन?"

"तू तुह्या शेतातलं पाहा ना, अंबादासभाऊ! माहा शेरा उपाशी असन तिकडं."

आश्विनाचं ऊन पाठीला चटके देत होतं आणि पाय अजून दवात भिजत होते. अशा दिवसांत गवत एका रात्रीत वाढतं. पण बेबीताईला सांगणार कोण? पालथ्या घड्यावर पाणी.

तिचा नि माझा बांधाला बांध. आमच्या आजोबांनी वऱ्हाडातून येऊन जबलपूरजवळ बरगीला जमीन कसली, तेव्हापासूनचा शेजार. नवरा गेला, मुलगा अंकुर नोकरीपायी बायको-पोरीला घेऊन जबलपूरच्या सदर भागात राहू लागला. मागं उरली ती आणि तिची दोन कुत्री, शेरा आणि भुरी. पोळ्याला अंकुर आला आणि घराच्या राखणीला म्हणून शेराला घेऊन गेला. तिथं शेरानं खाणं सोडलं. आमच्याकडं तव्यावरची शेवटची भाकर कुत्र्याची, आणि ती हातानं द्यायची. त्या भाकरीवर वाढलेलं जनावर ते. पाकिटातलं खाणं हुंगायचं, कसेबसे दोन घास खायचं आणि तोंड फिरवायचं. अंकुरनं फोन केला, "आई, तू ये." त्या घरातून असं बोलावणं पहिल्यांदाच आलं होतं. तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी फडक्यात भाकरी बांधून बेबीताई निघायची.

मलाही फवारणीचा पंप दुरुस्तीला न्यायचा होता. एवढं बोलून मीही तिच्याबरोबर निघालोच. भुरी बसपर्यंत मागं आली, तिला दटावून परत लावलं.

बसमध्ये बेबीताई हळूच म्हणाली, "एक सांगू? कोनाले बोलू नको. शेरा सुनेच्या हातचीबी खाईन. एक दिवस कोनी लक्ष नाई देल्लं तर काईबी खाईन. जनावरच हाये ते."

"मंग?"

"मीच म्हनलं श्रद्धाले, का हा माह्याच हातचं खाते. त्या निमित्तानं नात दिसते भाऊ. हात धरून फिरते माह्यासंगं."

मला सकाळी ओरडल्याची लाज वाटली.

सदरला पोचलो तर नात वैभवी फाटकातच उभी. "आजी आ गई! आज इतनी देर काहून?" शेरा तर बेबीताईच्या अंगावरच चढला. त्याची भाकर खाऊन झाल्यावर आजी, नात, शेरा आणि मी मैदानावर गेलो. नातीनं आजीला खव्याची जिलबी खाऊ घातली. नात हिंदीत बोले, आजी वऱ्हाडीत, आणि दोघींचं काही अडत नव्हतं. बेबीताई इतकी हसलेली मी वर्षात पाहिली नव्हती.

परत आलो तर अंकुर शेराची साखळी आणि ताटली घेऊन दारात उभा.

"आई, आता याला तूच घेऊन जा. उपाशी राहते, रातभर रडते, शेजारी बोलून राहिले. आणि तुला किती परेशानी! या वयात बसचे धक्के. आता तुला यावंच नाही लागणार."

पोरगं मायेनं बोलत होतं, त्याचाच मला राग आला. "अरे अंकुर," मी म्हणालो, "तुही आई..."

बेबीताईनं मला पुढं बोलूच दिलं नाही. "बरं झालं बाप्पा. माहे गुडघेबी दुखतेच."

"आजी, फिर कब आओगी?" वैभवीनं विचारलं.

"दिवाली में हम जाएंगे ना, बेटा," श्रद्धा म्हणाली. "छुट्टी मिली तो."

कुत्र्याला बसमध्ये कोण घेणार? ऑटो ठरवला. सगळ्या वाटेत शेरा बाहेर डोकं काढून वारा खात होता आणि बेबीताई भाकरीचं रिकामं फडकं घडी घालत, पुन्हा उकलत होती. गावात शिरताच भुरी धावत आली. दोघं भावंडं मटारात लोळली, फुलोऱ्यावर आलेले वेल आडवे केले. कोणाचं पाऊल वाफ्यात पडू न देणारी बाई नुसती बघत राहिली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ती माझ्या आधी शेतात होती. उन्हं वर आली तेव्हा बांधावर तिचा फोन वाजला. हाताची माती लुगड्याला पुसत तिनं तो घाईघाईनं कानाला लावला. अंकुर होता. त्याचा आवाज मला माझ्या वाफ्यात ऐकू येत होता.

"आई, शेरा जेवला का?"

"जेवला रे राजा. पोटभर जेवला."

"चलो, टेन्शन गेलं."

"मीबी जेवली," बेबीताई म्हणाली. पण तोवर फोन बंद झाला होता.