तिसऱ्या उमेदवाराचं तेल

आमच्या घरात दोन गाड्या आहेत. एक दादाचा टँकर, बंदरावरून डेपोत डिझेल नेणारा. दुसरी वहिनीची तळणाची गाडी. तिला चाकं आहेत, पण ती कोपऱ्यावरून कधी हललेली नाही. दोन्ही तेलावर चालतात आणि दोन्ही तेलं परदेशातून येतात. त्यामुळे निवडणुकीत तिन्ही उमेदवारांनी ‘आयात तेलापासून मुक्ती’ जाहीर केली, तेव्हा आमच्याकडे तिन्ही जाहीरनामे जेवणाच्या ताटाशेजारी आले.

दादा म्हणाला, “तू शिकलायस ना? तिघांचं वाच आणि सांग, कुणाला मत दिलं तर माझा टँकर राहील.”

मी वाचलं. पहिल्याला झाडून सगळी वाहनं विजेवर हवी होती. दुसरा म्हणत होता, आपल्याच समुद्रातून तेल काढू आणि नळाने थेट डेपोत सोडू.

“नळाला ड्रायव्हर लागतो का रे?”

“नाही.”

“आपलं विचारून ठेवलं.”

तिसऱ्याची योजना मात्र मला दोनदा वाचावी लागली. माणशी रोज एक चमचा तेल कमी, तळणाला शहरात बंदी, वाफेवर शिजवण्याचं मोफत शिक्षण. साहेबांना तेल म्हणजे स्वयंपाकातलं वाटलं होतं. डिझेलचं कुठे नावसुद्धा नव्हतं.

“देवमाणूस आहे!” दादा म्हणाला.

“आणि माझी गाडी?” वहिनीने विचारलं.

“तुझी कुठे चालते?”

त्या दिवसापासून दादाच्या ताटात सगळं वाफवलेलं येऊ लागलं. तो निमूट खायचा. टँकरचा प्रश्न होता.

मग तिसरा उमेदवार प्रचाराला आमच्या गल्लीत आला. दादा टाळ्या वाजवायला पुढे झाला, पण वहिनी झारा हातात घेऊनच आडवी आली. तिला फक्त स्वतःची गाडी सोडवायची होती.

“साहेब, माझ्या कढईएवढ्या तेलावर डोळा, आणि बंदरावरून रोज टँकरच्या टँकर परदेशी डिझेल येतं ते?”

साहेबांनी मदतनिसाकडे पाहिलं. मदतनीस कानात काहीतरी बोलला.

“म्हणजे तेही तेलच?” साहेबांनी जरा मोठ्यानेच विचारलं. मग वहिनीला हात जोडले. “ताई, डोळे उघडलेत!”

दुसऱ्याच दिवशी सुधारित योजना आली. चमचा तसाच होता, तळणबंदी तशीच होती. खाली टँकरबंदी जोडली होती, आणि ‘एका जागरूक गृहिणीचे’ जाहीर आभार होते.

“त्यांना ठाऊक नसेल हे मला काय ठाऊक!” वहिनी रडवेली झाली.

“तुझं काय चुकलं? खरं तेच बोललीस,” दादा म्हणाला आणि ताट पुढे केलं. तिने त्यात तळलेलं वाढलं.

मतदानाला दादा पडद्याआड गेला तो बाहेर येईचना. मागे रांग खोळंबली. अधिकारी ओरडला, “अहो, झालं का?”

“माझं तर झालंच आहे,” आतून दादाचा आवाज आला. “कुठलं बटण दाबायचं तेवढं बघतोय.”