पट्ट्याचा साप

माझ्या शिवणाच्या दुकानाच्या पुढच्या खोलीत दुपारी सूनबाई मुलांचा भाषेचा वर्ग घेते. वर्ग कसला, उकिरडाच म्हणा. अंड्यांचे ट्रे, बाटल्यांची झाकणं, फाटके मोजे, माझ्याच चिंध्या. आधी मुलांनी त्यातून काहीतरी बनवायचं, मग त्या वस्तूच्या तोंडून बोलायचं. मोज्याचा ससा बोलतो, ट्रेचा सुरवंट बोलतो. मी चार बुकं शिकलेली नाही, पण शिकले तेवढं छड्या खाऊन शिकले. "मोजे बडबडले म्हणून कुणाला लिहायला येतं का गं?" असं मी तिला रोज ऐकवायची, आणि चिकटवायला मैद्याची खळही रोज मीच शिजवायची. तिच्या खळीत गुठळ्या होतात.

त्या दिवशी तिने सांगितलं होतं, घरातली नको असलेली वस्तू आणा. गॅरेजवाल्याच्या पोरीने कमरेचा पट्टा आणला. ही पोर वर्गात कधी तोंड उघडायची नाही, म्हणून मुलांनी तिला गोगलगाय नाव ठेवलेलं.

"अगं, हा चांगला धड आहे की," सूनबाई म्हणाली. "नको झालाय का घरात?"

"मला नको," पोर म्हणाली. "आईला पण नको."

बोलली बाई एकदाची! सूनबाई इतकी हरखली की पुढचं काही विचारलंच नाही. माझी कापड कापायची कात्री तिने पोरीच्या हातात दिली. पोरीने पट्ट्याचे तुकडे केले, जाड दोऱ्यात ओवले, बटणांचे डोळे लावले. बक्कल झालं तोंड. मग सापाला वर धरून खणखणीत आवाजात म्हणाली, "मी दारामागे लटकतो. मी हिच्या आईला चावतो. काल हिलाही चावलो."

तिच्या पोटऱ्यांवर काळेनिळे वळ होते.

तेवढ्यात गॅरेजवाला दारात उभा. एका हाताने पँट सावरत.

"पट्टा कुणी नेला माझा?"

त्याला तुकडे दिसले. त्याने टेबल लाथेने उलटं केलं, पोरीला केसांनी धरलं आणि दाराकडे फरफटत निघाला. सूनबाई आडवी गेली. त्याने तिच्या तोंडावर ठोसा हाणला, मग मान पकडून डोकं शिवणयंत्रावर आपटलं. तिच्या तोंडातून दात आणि रक्त एकदमच आलं. मुलं भिंतीला चिकटून किंचाळत होती.

मी आतून खळीचं पातेलं तसंच उचलून आले. रटरटत होतं.

"सोड पोरीला."

"म्हातारे, तू आपलं काम बघ."

"तेच बघतेय," म्हटलं, आणि पोर धरलेल्या हातावर कोपरापासून खाली ओतलं. पाणी ओघळून जातं, खळ जात नाही. तो कापायला धरलेल्या डुकरासारखा ओरडला. हात झटकला तशी पोर सुटली, आणि खळीबरोबर कातडीही. पँट घोट्याशी आली. मी कापड मोजायचा लाकडी गज घेतला आणि पाठ, खांदा, जिथे बसेल तिथे हाणला. गज मोडला, तरी हाणत राहिले. कसा थांबेल माझा हात? तो खुरडत बाहेर गेला आणि नळाखाली हात धरून बोंबलत बसला.

आरडाओरडा ऐकून पोरीची आई धावत आली. तिने सूनबाईचं तोंड पाहिलं, पोरीला पाहिलं, नळापाशी नवऱ्याला पाहिलं. रडली नाही. माझ्याकडून ओलं फडकं मागून घेतलं.

"अगं भवाने," मी म्हटलं, "त्याची कसली सेवा करतेस? दोघी इथेच राहा. मी काय मेले नाही अजून."

"मी गेले तर तो माझ्यावरच भागवेल, मावशी," ती हळू आवाजात म्हणाली. "नाही गेले तर हिला न्यायला येईल."

तिने पोरीचा हात माझ्या हातात दिला. "कुणीही मागायला आलं तरी हिला देऊ नका."

बाहेर जाऊन तिने त्याच्या हाताला फडकं गुंडाळलं. ते बांधून होतं न होतं तोच त्याने दुसऱ्या हाताने तिच्या कानशिलात भडकावली, आणि दंडाला धरून तिला ओढत घेऊन गेला. तिने मागे पाहिलं नाही. पोर सगळं बघत होती.

सूनबाई तोंडाला चिंधी दाबून पोलिसांना फोनवर पत्ता सांगत होती. पोलीस येईपर्यंत तो काय पोरीच्या आईची आरती ओवाळत बसणार होता? मी पोर सूनबाईच्या मांडीवर बसवली.

"आतून कडी लाव. मी हिच्या आईला घेऊन येते."

"आई, नका जाऊ! तो तुम्हालाही मारेल."

"मारू दे. त्याला आता एकच हात उरलाय."