थोरल्याभोवतीचा चर

माझी आत्या दातांची डॉक्टर. तिच्या खुर्चीत बसून ज्याने बोंब मारली नाही असा माणूस आमच्याकडे अजून जन्मायचाय. गोदीतल्या एका रेड्यासारख्या हमालाची दाढ तिने उपटली, तेव्हा मुळासकट त्याच्या तोंडातल्या सगळ्या शिव्याही बाहेर आल्या आणि तो पुढे जन्मभर गोड बोलत राहिला. असा हात! ती निवृत्त झाली तेव्हा बंदरातल्या झाडून सगळ्या जबड्यांनी सुटकेचा नि:श्वास सोडला. पण बाईला घरी करमेना. तिने समुद्रातल्या प्रवाळांचं दुखणं अंगावर घेतलं.

प्रवाळ दिसायला दगड, पण त्याच्या अंगावर बारीक जिवांची सलग कातडी असते. तिला रोग लागला की ती एका कडेने गळायला लागते आणि खालचा पांढराफटक सांगाडा उघडा पडतो. मग ती पांढरी रेघ रोज थोडी थोडी पुढे सरकते. बंदराबाहेरचे लहानमोठे प्रवाळ एका उन्हाळ्यात असे साफ झाले. उरला एकटा थोरला. केवढा म्हणाल, तर त्याला फेरी मारायला निघालेला तरणा मासा परत येईपर्यंत आजोबा झालेला असायचा. उरलेसुरले मासे त्याच्याच कपारींत दाटीवाटीने राहत होते. तो गेला की खाली नुसता चुना. आणि आता त्याच्याही खांद्यावर पांढरी रेघ चढली होती.

संशोधन केंद्रातल्या मॅडमनी आत्याला उपचार शिकवला होता. रोगाच्या कडेवर औषधाचं घट्ट मलम दाबून भरायचं. शिवाय पुढच्या निरोगी भागात छिन्नीने चर खोदून त्यातही मलम भरायचं. वणवा अडवायला मधली झाडं तोडतात ना, तसं.

"चर रेघेपासून वीतभर लांब घ्या हं," मॅडम बजावत. "रोग डोळ्यांना दिसतो त्याच्या बराच पुढे गेलेला असतो."

"बाई, मला नका शिकवू," आत्या म्हणायची. "तुम्ही पाळण्यात होतात तेव्हापासून मी कीड कोरतेय."

आतोबांकडे दोन कामं, होडी हाकणं आणि काळजी करणं. दुसरं ते जास्त मन लावून करत. मी पाठीवर हवेची टाकी बांधून, मलमाची पिशवी घेऊन आत्याच्या मागे खाली उतरायचो. पहिल्याच दिवशी एक ऑक्टोपस कंपाउंडर म्हणून रुजू झाला. आत्याने हात पुढे केला की हवं ते हत्यार हातात! एक थोराड मासा तर रोज आ वासून समोर येऊन थांबायचा. आत्याने एकदा आत डोकावून पाहिलं आणि मान हलवून त्याला वाटेला लावलं.

चर झाला, मलम भरलं. पुढच्या खेपेला पाहतो तर रेघ चर ओलांडून पलीकडे. आत्याने नवा चर खोदला. रेघ तोही ओलांडून गेली.

तिसऱ्या चराच्या वेळी मी नीट पाहिलं. आत्या छिन्नी वीतभर लांब टेकवायची. तिथे कातडी मधाच्या रंगाची, टवटवीत. छिन्नीचं टोक लागताच ते बारके जीव अंग चोरून आत जायचे. मग आत्याचा हात हळूच मागे सरकायचा आणि रोगाला अगदी खेटून, दोन बोटांवर, घाव पडायचा.

वर आल्यावर मी आतोबांना सांगून टाकलं.

"चहाडखोर!" आत्या कडाडली.

"अगं, खरंय का हे?" आतोबा म्हणाले. "माझी अक्कलदाढ काढताना शेजारचीही काढलीस. वर म्हणालीस, संशय नको. तेव्हा नाही हात मागे आला?"

"तुमच्या दाढेवर कधी इतकं सुंदर काही फुललं होतं का?"

"नाही फुललं. पण म्हणून रोज दोन-दोन बोटं? पुरवून पुरवून खायला घालतेस होय त्या रोगाला?"

आत्या कितीतरी वेळ पायांत घालायचे रबरी पंख औषधाच्या पाण्यात घासत राहिली. रोग आमच्याच अंगावरून दुसरीकडे जाऊ नये म्हणून ते रोजच धुवावे लागत, पण त्या दिवशी ती रबराचा रंग जाईपर्यंत घासत होती. मग तिने फोन उचलला.

"बाई, तुम्ही वीत म्हणालात. कोणाची वीत?"

"ज्याची मोठी असेल त्याची," मॅडम म्हणाल्या.

आत्याने वळून आतोबांकडे पाहिलं. आतोबांचा पंजा म्हणजे वल्ह्याला फुटलेली बोटं! ते एकदा टाळी वाजवायला गेले तर शेजारच्या होडीचं शीड फुगून ती समुद्रात निघून गेली होती.

"अहो, हात पसरा."

तिने त्यांच्या वितीएवढी दोरी कापली आणि कमरेला बांधली.

दुसऱ्या दिवशी तिने दोरी लावली, ती संपली तिथे छिन्नी टेकवली आणि हातोडी हाणली. हात मागे आला नाही. रेघ आणि चर यांच्यामधला आणि चराचा मिळून एका खोलीच्या जमिनीएवढा जिवंत भाग रोगाला सोडून दिला होता. कंपाउंडरला ते बघवेना, तो आठही हात डोळ्यांवर घेऊन कपारीत शिरला. मलमाला टोचा मारायला मासे झुंडीने आले. मी पिशवी फिरवून त्यांना हाकलत होतो. आत्याने मान वर केली नाही. हवा संपत आली की वर, टाकी बदलली की पुन्हा खाली, चर खांद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुरा होईतो.

मग वाट पाहणं आलं. रेघेने सोडलेला भाग सगळा खाल्ला. आत्या रोज खाली जाऊन ते बघायची. शेवटी रेघ चराला येऊन भिडली. दुसऱ्या दिवशी तिथेच. आठवडा गेला तरी तिथेच. पलीकडची कातडी होती तशी टवटवीत.

"थांबली!" आतोबांनी होडीत अशी उडी मारली की बंदराला भरती आली.

"नाचू नका," आत्या म्हणाली. "मागची बाजू बघायचीय."

मागच्या बाजूला, सावलीत, नखाएवढा पांढरा ठिपका होता.  आता ही खचणार, असं वाटून मी आत्याकडे पाहिलं. तिने कमरेची दोरी सोडली, एक टोक ठिपक्याच्या कडेला माझ्या अंगठ्याखाली दाबलं, दुसरं ताणलं आणि दोरी संपली तिथे, ऐन मधाच्या रंगात, घाव घातला.