सतरा दिवसांचा बाक

चष्म्याच्या दुकानात मी मागच्या खोलीत बसते. पुढे मालक गिऱ्हाइकांशी गोड बोलतो आणि मागे मी त्यांनी वाकडे करून आणलेले चष्मे सरळ करते. कुणी त्यावर बसलेलं असतं, कुणी उशीखाली घेऊन झोपलेलं असतं, आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच, की आपोआप झालं. गरम हवेचं एक छोटं यंत्र आहे. त्याच्यावर फ्रेम धरायची, मऊ झाली की बोटांनी वळवायची आणि गार होईपर्यंत तशीच दाबून ठेवायची. बावीस वर्षं हेच करतेय. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं असलं तर मला घास जात नाही. मालक मला ओळंबा म्हणतो, गवंडी भिंतीला लावतात तो. मी रागावत नाही, कारण खरं आहे.

माझे सासरे बांबूच्या काठीने मासे धरतात. काठी म्हणजे अख्खा बांबू नव्हे. बांबूच्या सहा लांब पट्ट्या, नेमक्या कोनात तासून एकमेकींना चिकटवलेल्या, आणि टोकाला जवळजवळ काडेपेटीतल्या काडीइतक्या बारीक होत गेलेल्या. लांबी सव्वाआठ फूट. खाली मुठीचा भाग, वर शेंडा, मध्ये पितळी सांधा, आणि दोरी ओवायला रेशमी धाग्याने बांधलेल्या कड्या. सासऱ्यांनी ती तरुणपणी घेतली तेव्हाच ती कुणीतरी वापरून टाकलेली होती. गळाला गांडूळ वगैरे लावत नाहीत. पिसं आणि धागा गुंडाळून केलेली खोटी माशी असते, ती खऱ्यासारखी पाण्यावर अलगद उतरवायची. मासा फसला तर फसला. फसलेले बहुतेक ते परत सोडून देतात.

"मग धरता कशाला?" असं मी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात विचारलं होतं.

"तू शब्दकोडं सोडवून झाल्यावर त्याचं काय करतेस?" ते म्हणाले. तेव्हापासून आमचं जमतं.

सासूबाईंना मी पाहिलेलं नाही. माझं लग्न व्हायच्या दोन वर्षं आधी त्या गेल्या. घरात त्यांचा एक फोटो आहे, त्यात त्या कॅमेऱ्याकडे न बघता बाहेर कुणाला तरी काहीतरी सांगतायत. सासरे त्यांच्याबद्दल फारसं बोलत नाहीत आणि मीही कधी खोदून विचारलं नाही.

काठीवर मात्र ते बोलू लागले की थांबत नाहीत. नदीवरून आले की आधी काठी पुसायची, मग स्वतःचे बूट काढायचे. ओली काठी कधीही नळकांड्यात घालायची नाही आणि कधीही भिंतीला टेकवून ठेवायची नाही. रात्रभर खुंटीला उभी टांगायची. सांधा जोडण्याआधी पितळी टोक नाकाच्या बाजूला घासायचं. "नाकाचं तेल सगळ्यात चांगलं. बाजारात मिळत नाही," असं ते दर वेळी सांगतात आणि दर वेळी पहिल्यांदा सांगितल्यासारखं हसतात. काठीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नाही. माझ्या नवऱ्याने शाळेत असताना या काठीने पत्र्यावरचा चेंडू काढला होता, त्याबद्दल त्याला अजून टोमणे बसतात.

एक गोष्ट मात्र मला वीस वर्षं खुपत होती. अशा काठीला दोन शेंडे असतात. एकदा एक, पुढच्या वेळी दुसरा, असे पाळीने वापरायचे, म्हणजे दोघांनाही विश्रांती मिळते आणि बांबू वाकत नाही. हे मला त्यांनीच शिकवलेलं. पण स्वतः ते कायम एकच शेंडा लावायचे, आणि तोही वाकलेला. चांगला तीन बोटं बाक होता त्याला. दुसरा शेंडा सरळसोट, नव्यासारखा, पिशवीत पडून.

यंदा त्यांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. त्या काळात खाली वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, नदी तर नाहीच. एका संध्याकाळी ते काठीचं नळकांडं घेऊन माझ्यासमोर येऊन बसले.

"एक कडी सुटलीय. या डोळ्यांनी मला धागा दिसत नाही. बांधशील?"

मी नळकांडं घेतलं. नवऱ्याने वर्तमानपत्र खाली करून पाहिलं, इतकी ती मोठी गोष्ट होती.

"फक्त कडी," ते म्हणाले. "धागा घट्ट गुंडाळायचा आणि वर वार्निशचा हात द्यायचा. बाकी काठीला काही करू नकोस."

खरं सांगते, मला आनंद झाला. पोटच्या मुलाला जी दिली नाही ती काठी त्यांनी मला दिली. आता तिला असं करून दाखवायचं की त्यांनी बघत राहावं, असं मी मनाशी ठरवलं. माझा शहाणपणा तिथे सुरू झाला.

कडी मी दुकानात जेवणाच्या सुट्टीत बांधली. धाग्याचा वेढा वेढ्याला चिकटून, मध्ये केसभर फट नाही. वार्निश वाळत ठेवलं आणि मग तो बाक माझ्या डोळ्यांसमोर यायला लागला. दोन दिवस मी कळ काढली. तिसऱ्या दिवशी शेंडा टेबलावर आडवा ठेवला आणि खाकी कागदावर पेन्सिलीने त्याची रेघ मारून घेतली. ही माझी जुनी सवय. गिऱ्हाइकाची फ्रेम सरळ करायच्या आधी मी ती कागदावर काढून ठेवते, कारण दहातला एक जण परत येऊन म्हणतोच, पहिल्यासारखाच करून द्या.

मग गरम हवा लावली. बांबू फ्रेमपेक्षा समजूतदार निघाला. थोडा थोडा तापवत, उलट्या बाजूला दाबत, गार होईपर्यंत धरत, पाऊण तासात बाक निघाला. एक डोळा मिटून शेंड्यावरून पाहिलं तर सगळ्या कड्या एका ओळीत. मालकाला बोलावून दाखवलं. "ओळंबा, तू माणसंसुद्धा सरळ करशील," तो म्हणाला. मी दिवसभर खुशीत होते.

डॉक्टरांनी परवानगी दिली त्या आठवड्यात मी सासऱ्यांबरोबर नदीवर गेले. दोन्ही शेंडे मी एकाच पिशवीत घातले होते आणि त्यांना काही सांगितलं नव्हतं. मला त्यांचा चेहरा बघायचा होता. त्यांनी एक शेंडा काढला, नवा म्हणून परत ठेवला, दुसरा काढला. नाकाला घासून सांधा जोडला. मग काठी डोळ्यांसमोर धरली आणि तशीच धरून राहिले.

"डोळ्यांमुळे असं दिसतंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. सरळ केलाय मी. आमच्या यंत्रावर."

"असं होय." त्यांनी काठीवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. "काम चांगलं झालंय."

एवढंच. मी अजून काही येईल म्हणून थांबले होते. मग ते पाण्यात उतरले आणि दोरी फेकली. समोर काठावर झाडाची एक मुळी पाण्यात आली होती, तिच्या जरा वरच्या अंगाला पाण्यावर माशी उतरली, जिथे उतरायला हवी तिथेच. दुसऱ्याच फेकीत मासा लागला. ठिपक्यांचा, कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढा; एवढा मासा त्यांना तीन-चार वर्षांत लागला नव्हता. मी काठावर टाळ्या वाजवल्या. त्यांनी हात ओला करून गळ काढला, मासा सोडला, काठावर आले आणि काठी पुसायला लागले.

"एवढ्यात?"

"मिळाला की," ते म्हणाले. तेव्हा सकाळचे नऊसुद्धा वाजले नव्हते.

त्यानंतर ते नदीवर गेले नाहीत. एका रविवारी पाणी गढूळ होतं, पुढच्या रविवारी गुडघा दुखत होता, त्याच्या पुढच्या रविवारी उगीचच. आठवड्यातले सहा दिवस ज्या एका दिवसासाठी काढायचे तो दिवस गेला, की माणूस म्हातारा होतो. महिन्याभरात त्यांचं जेवण कमी झालं. खुर्ची त्यांनी खिडकीपासून फिरवून टीव्हीकडे केली, आणि टीव्ही बहुतेक वेळ बंदच असायचा. मला धाकधूक वाटायला लागली.

शेवटी मटार सोलताना मी नवऱ्याजवळ विषय काढला. काठी एवढी चांगली झाली, पहिल्याच दिवशी एवढा मासा लागला, आणि बाबा असे का वागतात?

"चांगली झाली म्हणजे?"

"शेंड्याचा बाक काढला मी."

त्याचा हात शेंगांमध्येच थांबला. "तो बाक आईचा होता," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. फार वर्षांपूर्वी बाबा नदीवरून तापाने फणफणत आले आणि काठी दारात टाकून पलंगावर पडले. न्यूमोनिया. आईला काठीतलं ओ की ठो कळत नव्हतं. तिने ती ओलीच उचलली आणि खिडकीजवळच्या कोपऱ्यात टेकवून ठेवली. त्या कोपऱ्यात दुपारचं ऊन येतं. सतरा दिवस काठी तिथे होती आणि सतरा दिवस आई पलंगाशी. बाबा उठले, काठी पाहिली आणि आईवर असे भडकले की शेजारी धावून आले. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही जगता की नाही ते बघत होते मी. काठी कोण बघणार?"

"मग?"

"मग काही नाही. बाबा त्या दिवसापासून तोच शेंडा लावायला लागले."

"हे मला कुणी सांगायचं?" मी ओरडले. "वीस वर्षांत एकाला तोंड उघडता आलं नाही?"

"तू सरळ करशील हे कुणाला माहीत होतं?"

मला राग आला, मग लाज वाटली. राग संध्याकाळपर्यंत गेला. लाज गेली नाही. त्यांनी मला एकच गोष्ट बजावली होती, आणि मी नेमकी तीच केली होती.

खाकी कागद माझ्या टेबलाच्या खणात होता. यंत्रावर अर्ध्या तासात मी तो बाक जसाच्या तसा परत आणला असता. कागदावर धरून तपासला असता, पेन्सिलीच्या रेघेबाहेर कुठे गेला नसता. पण तो माझा बाक झाला असता. त्यापेक्षा माझ्याच्याने जी गोष्ट करवत नाही ती मी केली. सासरे फिरायला गेलेले असताना काठी जोडली, शेंड्याला बराच वेळ ओलं फडकं गुंडाळून ठेवलं आणि मग ती खिडकीजवळच्या कोपऱ्यात टेकवली.

सासरे आले, त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं आणि आत गेले. मी रोज दुकानातून आले की आधी काठीकडे बघायची आणि मग त्यांच्याकडे. काठी जराशी वाकायला लागली होती. त्यांचं मात्र काही कळत नव्हतं. चौथ्या दिवशी मला वाटलं, मी पुन्हा एकदा गाढवपणा केलाय, उद्या काठी पुसून नळकांड्यात घालायची आणि माफी मागायची.

पाचव्या दिवशी मी स्वयंपाकघरातून ताटं आणत होते तेव्हा ते कोपऱ्यात उभे होते. त्यांनी काठी मुठीपाशी धरली होती आणि तिच्या कड्यांकडे बघत होते.

"उलटी ठेवलीस," ते म्हणाले.

मी ताटं खाली ठेवली. कागदावरच्या रेघेवरून बाक किती ते कळत होतं, कुठल्या बाजूला ते कळत नव्हतं. कड्या कुठे येतात त्याची खूण करायची मी विसरले होते. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"कड्या भिंतीकडे होत्या," ते म्हणाले. "तिला काय ठाऊक, कड्या कुठल्या बाजूला असतात ते." त्यांनी काठी जागच्या जागी फिरवली, पुन्हा भिंतीला टेकवली, दोन पावलं मागे सरकून पाहिली. मग पुढे होऊन खालचं टोक बोटभर सरकवलं.

"अशी."

"बरं," मी म्हणाले. "पाच दिवस झालेत बाबा. बारा राहिले."

"ते पाच धरू नकोस," ते खुर्ची खिडकीकडे फिरवत म्हणाले. "आजपासून सतरा मोज."