फरहानाची चाल

दादामियाँच्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलंय, हे फारुखला नेमकं फरहानाचे केस विंचरतानाच आठवायचं. सात महिने झाले होते. पत्र आलं तेव्हा पोरीच्या डोक्यावर कंगवा टेकण्याइतके केस नव्हते. आता दोन शेंड्या बांधता येत होत्या, एक वर, एक खाली.

दादामियाँ त्याचे सासरे, त्याच्या बायकोचे, यास्मिनचे वडील. अणदूरच्या टपाल कार्यालयात उभा जन्म काढलेला माणूस. मोबाइल होता त्यांच्याकडे, पण महत्त्वाचं बोलणं कागदावरच व्हावं, असं त्यांचं मत. पाकिटात चार ओळी होत्या. ‘यास्मिन गेली ती अल्लाची मर्जी. तू एकट्याने किती दिवस ओढशील? फरहानाला आमच्याकडे दे. तिची नानी दिवसभर घरातच असते. राग मानू नकोस, विचार कर.’ आणि सोबत एक कोरं पोस्टकार्ड, त्यावर स्वतःचाच पत्ता लिहिलेला. जावयाला तेवढेही कष्ट नकोत.

फारुखला राग आला नव्हता. पण ‘घेऊन जा’ लिहायला हात उचलत नव्हता आणि ‘देत नाही’ लिहायची छाती नव्हती. दर आठवड्याला फोन व्हायचा. दादामियाँ पाऊसपाणी विचारायचे, पोरीचा आवाज ऐकायचे, पत्राचा विषय चुकूनही काढायचे नाहीत. त्याचंच फारुखला जास्त ओझं व्हायचं.

“झालं बेटा, झालं,” तो म्हणाला. फरहाना दगडासारखी बसली होती. दोन वर्षांची व्हायला महिना राहिला होता, पण केस ओढले गेले तरी मान हलवायची नाही. मग ती उठली आणि खाटेखालून त्याचा एक बूट ओढत आणून दारात ठेवला. दुसरा आणायला परत गेली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

भूमच्या एसटी आगारात फारुख पंधरा वर्षं मेकॅनिक होता. माणसं कमी, गाड्या जुन्या. एक पाळी संपवून दुसऱ्या पाळीला थांबावं लागायचं, ते आता नेहमीचंच झालं होतं. फरहाना तोवर शेजारच्या प्रेमाबाईकडे. प्रेमाबाई ब्लाउज शिवायच्या आणि पोर मशीनपाशी चिंध्यांत खेळायची.

“लई गुणाची हाय पोरगी, भाऊ,” संध्याकाळी प्रेमाबाई सांगायच्या. “रडं म्हणून न्हाय. आमच्या नातवाला आणून बसवते हिच्यापाशी, शिकंल तरी कायतरी.”

फारुखला ते ऐकून बरं वाटायचं. आगारात ड्रायव्हर गाडी आणून लावतो, काय बिघडलंय ते वहीत लिहितो. वहीत ज्या गाडीच्या नंबरापुढे काही लिहिलेलं नाही तिचं तेलपाणी बघायचं आणि ती सोडायची. तक्रार नाही म्हणजे गाडी ठीक. पंधरा वर्षांत ही रीत त्याच्या हाडांत मुरली होती.

सोमवारी त्याने पाहिलं, फरहाना वेगळीच चालत होती. डावा पाय चवड्यावर उचलायची, मग बारीकशी उडी. आठवड्याला तिचं काहीतरी नवं निघायचंच. कधी पेला दोन्ही हातांनी धरून प्यायची, कधी रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला “गेली” म्हणायची. ही चाल त्याला फार आवडली. तो हसला, तशी तिने पुन्हा चालून दाखवली.

दुसऱ्या दिवशी आगारात चहा पिताना त्याने ती चाल सगळ्यांना करून दाखवली. अडतीस वर्षांचा दाढीवाला माणूस तेलकट बुटांनी उड्या मारतोय, म्हणून सगळे खदखदले.

“मिस्त्री, पाटा तुटला का काय एका अंगाचा?” शिवशंकर म्हणाला. चाकावरचा पाटा तुटला की गाडी अशीच एका बाजूला लंगडते. “घ्या लेकीला खड्ड्यावर, खालून बघा!”

“नवी गाडी हाय ती. आताशी रनिंग चालू हाय,” फारुख म्हणाला आणि सगळ्यांबरोबर हसला.

बुधवारी संध्याकाळी तो तिचे पाय धूत होता. डावा पाय हातात घेताच तिने तो आखडून घेतला, पण तोंडातून आवाज काढला नाही. टाच गरम लागली. फारुखने उजेडात नेऊन पाहिलं. टाच सुजून लाल झाली होती आणि मधोमध काळा ठिपका होता. बाभळीचा काटा, आत मोडलेला.

दवाखान्यात डॉक्टरांनी काटा काढला. “तीन दिवस तरी झालेत. रडली नाही का हो ही?”

“नाही,” फारुख म्हणाला. फरहाना पूर्ण वेळ त्याच्या तोंडाकडे बघत होती. काटा ताटलीत पडला तशी हळूच म्हणाली, “गेली.”

प्रेमाबाईंनी पट्टी पाहिली आणि कपाळाला हात लावला. “भाऊ, आईची शपथ, एकदा जरी कुरकुरली असती ना...”

“तुमची चूक न्हाय, प्रेमाबाई. तुम्ही मशीनवर होता. मी तर बघून हसलो.”

घरी ती पटकन झोपली. फारुख शेजारी बसून राहिला. पोरगी आधी अशी नव्हती. वर्षाची असताना गल्ली डोक्यावर घ्यायची. तो कामावरून यायचा, भिंतीला टेकायचा आणि म्हणायचा, “अब्बा थकलाय बेटा, रडू नको.” किती वेळा म्हटलं असेल? शंभर वेळा? त्याला वाटायचं, लेकराला काय कळतंय. तिला कळलं होतं. तिने ऐकलं होतं.

गुरुवारी त्याची सुट्टी होती. त्याने सात महिने पिठाच्या डब्याखाली पडलेलं ते कोरं पोस्टकार्ड काढलं आणि बारीक अक्षरात लिहायला लागला.

‘अब्बाजी, सलाम. उत्तराला उशीर झाला, माफ करा. फरहानाला पुढच्या गुरुवारी घेऊन येतो, तुमच्याकडेच राहू दे. ती साय काढल्याशिवाय दूध पीत नाही. भाताशेजारी वरण वेगळं ठेवावं, ती स्वतः कालवते. झोप आली की उजवा डोळा चोळते. दोन्ही चोळले तर भूक लागलेली असते. काही दुखलं तर सांगत नाही, म्हणून आंघोळीला तळपाय आणि कान रोज बघावेत. मी दर गुरुवारी येत जाईन. नानीला सांगा, ती मोठ्याने रडली तर तिला गप्प करू नका.’

खाली सही करायला जागा उरली नाही. त्याने कडेला उभं ‘फारुख’ लिहिलं.

पोस्टाची पेटी बसस्थानकाच्या बाहेर होती. पायाला पट्टी, म्हणून त्याने फरहानाला कडेवर घेतलं होतं. तिने कार्ड मागितलं. त्याने दिलं आणि तिला पेटीच्या तोंडाशी उचलून धरलं. पहिल्यांदा ते आडवं लागलं. त्याने तिचं मनगट धरून सरळ केलं. कार्ड आत गेलं.

फरहानाने वाकून त्या फटीत बघितलं. मग त्याच्याकडे हात पसरला.

“अजून.”

फारुखने आपला मोकळा तळहात तिच्यापुढे धरला, उलटा करून दाखवला, परत सुलटा केला.