खाली ठेवलेला फिंजान

"इथे मी काय करायचं नाही, ते आधीच सांगून ठेवा," हॉटेलातून निघून गाडीत बसता बसता लॉरेटाबाई म्हणाल्या.

कॉफी उजव्या हाताने घ्या, पुरे झाली की रिकामा फिंजान, म्हणजे कॉफीचा तो छोटा पेला, जरासा हलवा, एवढं ओंकारने सांगितलं. खरी गोष्ट जिभेच्या टोकावर आली होती, ती त्याने गिळली. ज्याला काही मागायचं असतं, तो भरलेला फिंजान ओठाला न लावता खाली ठेवतो. यजमान कारण विचारतो, आणि ऐकून 'पी' म्हणाला की मागणं मान्य. ओंकार जिथे इंजिनिअर होता त्या कंपनीचे म्हातारे मालक अबू नासर हा रिवाज अजून पाळत. कुवेतच्या दक्षिणेला वफ्रा इथल्या आपल्या शेतावर त्यांनीच तो ओंकारला समजावला होता.

इतक्या वर्षांत ओंकारने फिंजान कधी खाली ठेवला नव्हता. आज ठेवायचा होता, स्वतःसाठी. त्याचा करार याच महिन्यात संपत होता. तो वाढला नाही तर बारावीतल्या मुलीला, स्पृहाला, वर्ष अर्धवट टाकून नाशिकला जावं लागणार होतं. निघताना बायकोने, मेधाने, पुन्हा पुन्हा बजावलं होतं. पाहुणीनेच आधी फिंजान ठेवला तर आपलं कोण ऐकणार, या धास्तीने तो गप्प बसला, आणि त्याची लाज फहाहीलला अबू नासरांच्या घरी पोचेपर्यंत त्याला खात राहिली.

लॉरेटाबाई उत्तर कॅनडातल्या क्री आदिवासींच्या पुढारी. ऐन तरुणपणी वस्तीच्या प्रमुख म्हणून निवडून आल्या, आणि तेव्हापासून कोर्टात, संसदेत, जिनिव्हात एका नदीसाठी भांडत होत्या. जिथे मासे अंडी घालतात, नेमक्या त्याच वळणावरून कंपनीची पाइपलाइन जाणार होती. नकाशावर ती रेघ ओंकारनेच ओढली होती, नदी न पाहता.

"जिथे गेले तिथे लोकांनी चहा पाजला आणि दारापर्यंत पोचवलं," खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता, म्हणूनच ते त्याला जास्त लागलं.

अबू नासरना इंग्रजी येत नव्हतं. मॅनेजर मुझफ्फर अरबीत सांगत होता. बाई नदीबद्दल बोलल्या, माशांबद्दल, काठावर पुरलेल्या आजीबद्दल. मुझफ्फरने सांगितलं, पाहुण्यांना कुवेत फार आवडलं. म्हाताऱ्याने समाधानाने मान डोलावली. बाईंनी कॉफी संपवून, शिकवल्याप्रमाणे फिंजान हलवला. मुझफ्फर लगेच निरोपाला उठला.

ओंकारने आपला भरलेला फिंजान खाली ठेवला.

"तुझं काय आहे, इंजिनिअर?" अबू नासरनी विचारलं.

स्पृहाचं नाव तोंडात तयार होतं. "बाई जे बोलल्या, ते तुम्हाला कोणी सांगितलंच नाही," साइटवर शिकलेल्या मोडक्यातोडक्या अरबीत तो म्हणाला, आणि मग नदीचं सगळं सांगितलं. मुझफ्फर त्याच्याकडे बघत होता. आपला करार संपला, हे ओंकारला त्या नजरेतच कळलं. म्हाताऱ्याने लाइन दुरून वळवता येईल का, एवढंच विचारलं. येईल, ओंकार म्हणाला.

"पी," अबू नासर म्हणाले.

घरी मेधा दारातच उभी होती. बूट काढायच्या आधीच त्याने सगळं सांगून टाकलं.

"आणि स्पृहाचं?"

"ते राहिलं."

ती आत गेली. भांडी जरा जोरात वाजली. मग चहा आणून तिने त्याच्यासमोर ठेवला आणि स्वतःही बसली. त्याला कप उचलवेना. चहा निवत चालला, तरी कप तसाच. मेधा त्या कपाकडे बघत राहिली. कुवेतमध्ये तिचीही वर्षं गेलीच होती.

ओढणीने डोळे पुसून ती म्हणाली, "पी आता."