काडी कुणी लावायची

उचगावच्या हायस्कुलात नववीच्या वर्गाला त्या दिवशी हायड्रोजनचा प्रयोग होता. जस्ताच्या तुकड्यांवर पातळ आम्ल ओतायचं, नळीच्या तोंडाशी पेटती काडी न्यायची, की फट् असा आवाज होतो. सदफला तो आवाज एकदा तरी स्वतःच्या हातानं काढायचा होता. पण तिच्या गटात सम्राट होता. तालमीत जाणारा गडी. आम्लही तोच ओतायचा, काडीही तोच लावायचा. तेजस्वीनं लिहायचं आणि सदफनं नळ्या धुवायच्या, ही वाटणी त्यानं कुणालाही न विचारता केलेली.

"मला लावू दे की एकदा," सदफ म्हणाली.

"भाजून घेशील. नळी धुऊन आण."

फट् झालं. सम्राटनं दंड थोपटले.

पण विज्ञानाच्या क्रांती मॅडमनी नवा नियम काढला होता. गटातल्या एकाची चिठ्ठी निघणार. त्यानं प्रयोग सांगायचा, आणि त्याचे गुण तेच सगळ्या गटाचे. चिठ्ठी निघाली सदफची.

"जस्त, आम्ल, फट्. एवढंच म्हण," सम्राट कुजबुजला.

सदफला सगळं येत होतं. तिनं घसा साफ केला.

"उद्देश, नळी धुणे. साहित्य, ब्रश आणि गळका नळ. कृती, सम्राट 'आण' म्हणाला की धुवावी, 'दुसरी आण' म्हणाला की दुसरी धुवावी. निरीक्षण, पाठीमागून फट् असं ऐकू येतं. अनुमान, प्रयोग झाला असावा."

वर्ग बाकं बडवायला लागला. मॅडम फळ्याकडं तोंड करून उभ्या राहिल्या. खांदे हलत होते.

"शून्य," त्या वळून म्हणाल्या. "तिघांनाही."

"मॅडम, ही मुद्दाम करत्या! हिला समदं येतंय!"

"मग करू का दिलं नाहीस? तालमीत वस्ताद तुला नुसती माती खणायला लावतात?"

"न्हाय. माती समद्यांनी खणायची, लढायचं बी समद्यांनी." सम्राट बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

"मग पुन्हा करा. तू हात पाठीमागं धर. तोंडानं सांग."

सदफनं आम्ल ओतलं. सम्राट कुस्तीच्या मैदानाबाहेरून ओरडावं तसा ओरडू लागला. "नळीच्या तोंडावर अंगठा ठेव! वायू सोडू नगंस! आता ने की काडी!"

काडी विझली. दुसरीही विझली.

"थरथरतीस कशाला?"

"तू वरडू नको, मग न्हाय थरथरत."

आणि फट्! सदफच दचकली, मग खदाखदा हसली. लगेच तिनं पुढची काडी काढली.

तेजस्वीनं पेन खाली ठेवलं. "आन् मी जन्मभर लिहीतच बसू व्हय?"

"थांब गं, एवढी एकच."

"मॅडम!" सम्राट कळवळून ओरडला. "आता हिचं बी हात मागं धरायला लावा की!"